नागपूरकडे जिरेनियमचं सेंद्रिय तेल: वावरापासून बाटलीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: काटोल भागात दोन एकर मध्यम जमीन, संत्र्याची जुनी झाडं काढून मोकळी केलेली. रोपं विकणारे सांगतात की जिरेनियम (पाल्यातून गुलाबासारख्या वासाचं तेल देणारं झुडूप) एकदा लावलं की तीन वर्षं चालतं, वर्षाला चार कापण्या होतात, एकरी चाळीस किलो तेल निघतं. हे खरं धरावं का? पाल्यातून वाफेने तेल काढणारी स्वतःची ५०० किलोची डिस्टिलेशन टाकी घ्यावी का? आणि ते तेल सेंद्रिय म्हणून विकता येईल का?

लागवडीचा आराखडा ज्या गोष्टीवर उभा राहतो, ती आधी सांगतो. नागपूर जिल्ह्यात जिरेनियम हे हिवाळी पीक समजा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायचं, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये पहिली कापणी, मेअखेर दुसरी कापणी, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत वावर मोकळं करायचं. बहुवर्षीय म्हणून हे पीक निलगिरी, कोडाईकनालसारख्या थंड डोंगराळ भागात टिकतं. आपल्याकडे वर्षाला हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि जमीन पाणी धरून ठेवणारी. जुलै-ऑगस्टमध्ये मुळं कुजून प्लॉट रिकामे होतात. उरलेली झाडं धरून दुसरं वर्ष काढायचं म्हटलं तर एकरी निम्मीसुद्धा झाडं हाताशी राहत नाहीत, आणि खत-पाणी-निंदण मात्र पूर्ण एकराचं करावं लागतं. मैदानी भागासाठी लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संशोधन संस्थेनेही हाच मार्ग सुचवला आहे: मुख्य पीक कोरड्या हंगामात घ्यायचं आणि पावसाळ्यात फक्त मातृरोपं, म्हणजे पुढच्या कलमांसाठी राखलेली झाडं, स्वस्तातल्या आच्छादनाखाली जगवायची.

म्हणून उत्पन्नाचा हिशेब चार कापण्यांचा नको, दोन कापण्यांचा करा. एकरी दहा हजार झाडं, प्रत्येक झाडाचा एका कापणीला ४०० ते ६०० ग्रॅम हिरवा पाला, म्हणजे कापणीला ४ ते ६ टन. तेलाचा उतारा ताज्या पाल्याच्या ०.०८ ते ०.१५ टक्के, नियोजन ०.१ वर करा. टनाला एक किलो. दोन कापण्या मिळून एकरी ८ ते १२ किलो तेल. चाळीस किलोचा आकडा गाठायला एकरी चाळीस टन पाला लागेल, आणि तो नागपुरात निघत नाही. दहा किलोवर खर्च भागत असेल तरच पुढे जा.

जमीन निवडताना संत्र्याच्या झाडांचा इतिहास आठवा. ज्या कोपऱ्यातली झाडं डिंक्या रोगाने गेली, तिथे पाणी साचतं हे जमिनीने आधीच दाखवून दिलं आहे. तिथे जिरेनियम लावू नका. उरलेल्या जागेत चार-पाच ठिकाणी दीड फूट खोल खड्डे घेऊन पाण्याने भरा, ते मुरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-सहा तासांत उतरलं तर जमीन चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर ती जागा सोडा. काटोल-नरखेडकडची मुरमाड, थोडी उताराची जमीन या पिकाला उमरेड-भिवापूरकडच्या भारी काळ्या जमिनीपेक्षा जास्त मानवते. सामू साडेपाच ते आठपर्यंत चालतो, त्यामुळे आपल्या जमिनीचा थोडासा विम्लपणा आड येत नाही. पाण्याचा निचरा मात्र आड येतोच. आधी वांगी, टोमॅटो, मिरची घेतली असेल तर जुन्या झाडांची मुळं उपटून गाठी आहेत का ते बघा. सूत्रकृमीच्या गाठी असतील तर एप्रिल-मे महिन्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्या आणि त्या वावरात एक हंगाम झेंडू घ्या.

गादीवाफे सव्वा फूट उंच, माथ्यावर अडीच फूट रुंद, मध्यापासून मध्यापर्यंत ४ फूट. एका वाफ्यावर एक ओळ, दोन झाडांत १ फूट. एकरी १०,८९० झाडं बसतात. वाफे भरताना एकरी ४ टन चांगलं कुजलेलं शेणखत, १ टन गांडूळखत आणि २०० किलो निंबोळी पेंड. अर्धं कुजलेलं शेणखत टाकलं तर वाळवी येते, आणि वाळवीला जिरेनियमचं खोड फार आवडतं. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवा आणि मगच टाका. कोरड्या मातीवर नुसती पावडर भुरभुरून उपयोग होत नाही. पहिल्या कापणीनंतर ५०० किलो गांडूळखत पुन्हा ओळीत द्या आणि ठिबकमधून दर पंधरा दिवसांनी गाळलेलं जीवामृत सोडा. नीट गाळलं नाही तर ड्रिपर बुजतात, आणि ज्या झाडाचा ड्रिपर बुजला ते मेमध्ये आठवडाभरात वाळतं. तुषार सिंचन नको. पानं ओली राहिली की करपा पडतो.

रोपांकडे जास्त लक्ष द्या, कारण या पिकात बहुतेक पैसे इथेच बुडतात. ऑक्टोबरच्या मध्याला लागवड हवी असेल तर छाट कलमं ऑगस्टच्या मध्याला लावावी लागतात, म्हणजे ऐन पावसात. कलमाला मुळं फुटायला ३० ते ४५ दिवस आणि लावण्यायोग्य व्हायला साधारण ६० दिवस लागतात. शेंड्याकडचा १० ते १५ सेंमी.चा तुकडा घ्या, पेऱ्याच्या लगेच खाली धारदार, निर्जंतुक केलेल्या पात्याने कापा, खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा. कापलेलं टोक सावलीत तीन-चार तास सुकू द्या. ओल्या जखमेसह लावलेलं कलम बुडाशी काळं पडून कुजतं. हा पिथियम बुरशीचा रोग आहे आणि एका ट्रेमधून दुसऱ्यात पाण्याबरोबर पसरतो. पिशवी ४ × ६ इंचाची. पोयटा माती, वाळू आणि गांडूळखत सारख्या मापाने. वर ५० टक्क्यांची शेडनेट आणि त्यावर प्लास्टिक, जेणेकरून पावसाचा थेंब आत येणार नाही. ट्रे जमिनीवर ठेवू नका, बांबूच्या मांडवावर ठेवा. मुळं लवकर फुटावीत म्हणून बाजारात मिळणारी संजीवकाची पावडर सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही. त्याऐवजी ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास या उपयोगी जिवाणूच्या द्रावणात बुडवून लावा. मुळं धरून जगणारी कलमं ७०-७५ टक्क्यांच्या आसपास धरा.

पुढच्या वर्षाची रोपं विकत घ्यायची नसतील तर मेअखेरच्या कापणीआधी सर्वांत सशक्त झाडं निवडून मातृरोपं म्हणून वेगळी काढा. एकरी लागवडीसाठी साधारण १४,५०० कलमं लागतात. एका मातृरोपापासून दोन छाटण्यांत मिळून वीसेक कलमं मिळतात. म्हणजे ७५० मातृरोपं आणि मर धरून ९००. दीड-दीड फुटावर लावली तर दोन हजार चौरस फुटांची जागा पुरते. बांबूचा सांगाडा, २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म, बाजू पूर्ण उघड्या, खाली मुरूम आणि वाळूचा उंच वाफा, आणि चारही बाजूंनी दीड फूट खोल चर. वरून पाणी अडवलं पण चर काढला नाही, तर शेजारच्या वावराचं पाणी जमिनीखालून येऊन रोपं मारतं. बाजू बंद केल्या तर आत उकाडा आणि दमटपणा कोंडतो आणि झाडं पावसातल्यापेक्षा लवकर मरतात.

जात कोणती? आपल्याकडे बोर्बन, अल्जेरियन आणि केळकर या नावांनी रोपं मिळतात. सीमॅपच्या हेमंती, बिपुली, कुंती आणि सीम-पवन याही आहेत. सगळ्यांचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स गटात. कुंडीत लाल-गुलाबी फुलांसाठी लावतात ते जिरेनियम वेगळं, त्यातून तेल निघत नाही. तोंडी नावावर विश्वास ठेवून रोपं घेऊ नका. विकणाऱ्याच्या प्लॉटवरून अर्धा किलो पाला आणा आणि प्रयोगशाळेतल्या क्लेव्हेंजर उपकरणात (पाला उकळून तेल मोजणारं काचेचं उपकरण) तपासा. ३०० ग्रॅम ताजा पाला, दोन लिटरचा गोल फ्लास्क, पाला बुडेल इतकं पाणी, उकळी फुटल्यापासून तीन तास. नळीत जितके मिली तेल दिसेल त्याला ०.८९ ने गुणलं की ग्रॅम मिळतात. ०.३४ मिली दिसलं तर उतारा ०.१ टक्का. नागपुरात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये (आता एलआयटी विद्यापीठ) तेल तंत्रज्ञानाचा जुना विभाग आहे. अशी सोय तिथे आणि औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजांमध्ये विचारून पाहता येते. हीच चाचणी कापणीआधी दर आठवड्याला केली तर कापणीचा दिवस अंदाजावर सोडावा लागत नाही.

कापणीची वेळ नाकानेही ओळखता येते. कोवळ्या पानाला चुरगळल्यावर लिंबासारखा वास येतो. पान पक्व होत आलं की तो गुलाबाकडे झुकतो आणि खालची पानं फिकट हिरवी व्हायला लागतात. हा बदल दिसला की आठवडाभरात कापा. दव पूर्ण उडाल्यावर कापणी सुरू करा, उन्हं चढण्याआधी थांबवा. धारदार विळ्याने पानांसहित शेंड्याचा कोवळा भाग घ्या, जमिनीपासून १५ ते २० सेंमी. ठेवा. तेल पानांच्या ग्रंथींत असतं; जाड लाकडी दांड्या टाकीत गेल्या तर वजन वाढतं, जळण लागतं, तेल येत नाही. बोथट विळ्याने खोड चिरलं की त्या फटीतून मर रोग शिरतो. म्हणून कापणीच्या दिवशीच संध्याकाळी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. तांब्याचा वापर सेंद्रिय मानकांत मर्यादेसह चालतो, पण फवारणीआधी प्रमाणन संस्थेला कळवून नोंद ठेवावी लागते.

कापलेला पाला सावलीत, हवेशीर जागी, फूटभर थरात पसरा. चार-सहा तास मलूल झाला तर टाकीत जास्त मावतो आणि तेलाचं फारसं नुकसान होत नाही. ढीग करून रात्रभर ठेवला की आतून तापतो. हात घालून गरम लागला तर समजा, आंबणं सुरू झालं आहे. तेलाला जो कुबट, शिळा वास येतो तो इथून येतो आणि नंतर काही केल्या जात नाही. ट्रॉलीत दाबून भरलेला पाला पाच तास उन्हात उभा राहिला तरी हेच होतं, म्हणून कापणीची गती टाकीच्या गतीला बांधा. आज टाकीत जाईल तेवढंच आज कापा.

आता ऊर्ध्वपातन, म्हणजे डिस्टिलेशन. पाला पाण्यात बुडवून उकळण्याची पद्धत स्वस्त आहे, पण जिरेनियमला ती मारक ठरते. या तेलात सिट्रोनेलिल फॉर्मेट, जिरॅनिल फॉर्मेट असे एस्टर नावाचे सुगंधी घटक असतात आणि उकळत्या पाण्यात ते फुटतात. शिवाय तळाला पाला लागला की जळका वास येतो. वेगळ्या बॉयलरमधून वाफ सोडणारी टाकी घ्या. टाकी, झाकण, वाफ निववणारा कंडेन्सर आणि तेल वेगळं करणारं भांडं, सगळं ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं. साध्या लोखंडाचा एक बोल्टसुद्धा तेलाच्या वाटेत राहिला तर तेल तपकिरी होत जातं. झाकणाचं रबरी पॅकिंग या तेलाने फुगतं आणि रबराचा वास तेलात उतरतो, म्हणून टेफ्लॉनचं घ्या. ५०० किलो पाल्याला दोन ते अडीच घनमीटर आकारमान लागतं. दीड घनमीटरच्या टाकीवर '५०० किलो' लिहिलेलं असेल तर ती ३०० ते ३५० किलोची टाकी आहे.

भरण्याचं काम दिसायला साधं आहे, पण उताऱ्यातला बराचसा फरक इथेच पडतो. तळाच्या जाळीवर पाला मोकळा पसरा, दर फूटभर थरानंतर कडेने पायाने दाबा, मध्यभागी कमी. टाकीच्या भिंतीलगत पोकळी राहिली तर वाफ तिथूनच चोरवाट काढते आणि मधला पाला हिरवाच राहतो. खेप संपल्यावर टाकी उघडून बघा: पाला सगळीकडे सारखा तपकिरी शिजलेला हवा. हिरवे पट्टे दिसले तर तेल तिथेच राहिलं. वाफ सुरुवातीला हळू सोडा, पाऊण तासात पाला तापून पहिला थेंब यावा. पुढे ताशी ५० ते ६० लिटर पाणी कंडेन्सरमधून पडेल इतका वेग ठेवा. वाफेचा झोत जास्त झाला तर पाल्याला आरपार भोकं पडतात आणि कंडेन्सरला पेलवत नाही. पहिल्या थेंबापासून साडेतीन तास चालवा. पहिल्या तासाभरात बरंच तेल दिसून जातं आणि 'झालं' असं वाटून भट्टी बंद करण्याचा मोह होतो. पण लिनालूल, आयसोमेंथोन, फॉर्मेट यांसारखे हलके घटक आधी येतात, जड घटक मागून, आणि गुलाबी वासाच्या जिरॅनिऑलचा मोठा भागही मागच्या भागात असतो. लवकर थांबवलेल्या तेलाचा वास तीक्ष्ण, पुदिन्याकडे झुकणारा येतो आणि खरेदीदार ते लगेच ओळखतो.

नागपुरात खरा पेच कंडेन्सरच्या पाण्याचा आहे, आणि टाकी विकणारे त्यावर फार बोलत नाहीत. एक लिटर पाण्याची वाफ निववून थंड करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. थंड करणारं पाणी १५ अंशांनी तापू दिलं तर एका लिटरमागे ४० लिटर पाणी लागतं. ताशी ६० लिटरला २,४०० लिटर, चार तासांच्या खेपेला साधारण दहा हजार लिटर. दहा हजार लिटरच्या हौदातलं पाणीच फिरवत राहिलात तर एका खेपेत अख्खा हौद १४-१५ अंशांनी तापतो. मार्चमध्ये हौदाचं पाणी २४-२५ अंश असतं, निभावतं. मेमध्ये उघड्या हौदाचं पाणी सकाळीच ३२-३३ आणि दुपारी त्याहून वर. दुसऱ्या खेपेला कंडेन्सरमधून पडणारं पाणी हाताला चटका देतं. डिस्टिलेट, म्हणजे वाफ निवून पडणारं तेल-पाणी, ३५ अंशांच्या आसपास पडावं, ४० च्या वर जाऊ देऊ नये. त्याच्या वर गेलं की न निवलेली सुगंधी वाफ तोंडातून बाहेर जाते. भट्टीच्या जागी सगळीकडे गुलाबाचा दाट वास दरवळतो तेव्हा विकायचं तेल हवेत चाललेलं असतं. उपाय तीन: पंचवीस हजार लिटरचा झाकलेला किंवा जमिनीत बांधलेला हौद, पाणी कारंज्यासारखं वरून पाडून निववणारा छोटा कूलिंग टॉवर, आणि मेमध्ये रात्री दहा ते सकाळी आठ या वेळेतच भट्टी. कोरड्या हवेत टॉवर छान चालतो, तोच पर्याय मला सर्वांत पटतो. कंडेन्सरमध्ये थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर, हे जोडताना तपासा; उलटं जोडलेलं बरेचदा दिसतं.

बॉयलरला बोअरचं जड पाणी थेट देऊ नका, नळ्यांत क्षार बसून जळण वाढत जातं. पावसाचं साठवलेलं किंवा सॉफ्टनरमधून काढलेलं पाणी वापरा. बॉयलरच्या पाण्यात घालायची काही रसायनं वाफेबरोबर उडून थेट पाल्यात जातात, ती सेंद्रिय तेलाला चालत नाहीत. जळण म्हणून पऱ्हाटी, तुऱ्हाट्या आणि वाळवलेला जुना पाला पुरतो. खेपेला १०० ते १२५ किलो कोरडं जळण धरा. सुरक्षा झडप दर हंगामात तपासा, आणि टाकीतून कंडेन्सरकडे जाणारा मार्ग कधीही झडपेने बंद होणारा ठेवू नका.

तेलाची घनता पाण्याच्या ०.८८ ते ०.८९ पट. फरक थोडाच असल्यामुळे थेंब सावकाश वर येतात. म्हणून तेल वेगळं करणारं भांडं लहान असून चालत नाही. ताशी ६० लिटरला निदान ३० लिटरचं घ्या, म्हणजे पाण्याला अर्धा तास थांबायला मिळेल. नळी भांड्यात खोलवर सोडा, पाणी शांतपणे शिरलं पाहिजे. खालून निघणारं पाणी दुधाळ दिसलं तर वाफेचा वेग जास्त आहे किंवा डिस्टिलेट गरम आहे. नितळ पाण्यातही तेल विरघळलेलं असतंच. लिनालूल आणि जिरॅनिऑल यांसारखी अल्कोहोलं पाण्यात थोडी उतरतात, आणि एकूण तेलाचा सात-आठ टक्के भाग असा जातो. व्यापारी कारखाने तो हेक्सेनने काढतात, सेंद्रियात ते बसत नाही. आपल्याला दोन वाटा आहेत: ते पाणी पुढच्या खेपेला टाकीच्या तळाला, जाळीखाली परत घालायचं, किंवा सुरुवातीचं ५०-६० लिटर सुगंधी जल म्हणून वेगळं विकायचं. सुगंधी जलाला गाळून, स्वच्छ भांड्यात, थंड जागी ठेवावं लागतं. मेच्या उन्हात उघड्या कॅनमध्ये ते आठवड्यात गढूळ होतं.

काढलेलं तेल निथळू द्या. काचेच्या फनेलमध्ये रात्रभर ठेवून तळचं पाणी सोडा, मग फिल्टर पेपरमधून गाळा. ताज्या तेलाला पहिले काही दिवस उकडलेल्या कोबीसारखा एक वास असतो, तो डायमिथाइल सल्फाइडचा. बाटलीचं तोंड मलमलने झाकून थंड, अंधाऱ्या खोलीत चार-पाच दिवस ठेवलं की तो उडून जातो आणि खालचा गुलाब वर येतो. आठवड्यानंतरही वास राहिला तर मात्र पाला आंबलेला होता. साठवण अंबर काचेत किंवा आतून लाखेचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून. प्लास्टिकच्या कॅनमध्ये एक रात्रही नको. अर्धी रिकामी बाटली हवेने खराब होते, त्यामुळे तेल कमी झालं की लहान बाटलीत ओता.

विकण्याआधी प्रत्येक लॉटची गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे मोजणारी चाचणी, करून घ्या. खरेदीदार आधी सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचं गुणोत्तर बघतो; ते एकास एकच्या जवळ असलेलं तेल अत्तराला जास्त आवडतं, तिनाच्या वर गेलं की दर पडतो. हे गुणोत्तर जात, ऋतू आणि पानाचं वय यांनुसार हलतं, म्हणून मार्च आणि मेचं तेल एकत्र करू नका. अपवर्तनांक (तेलात प्रकाश किती वळतो त्याचं माप) २० अंशाला १.४६ ते १.४७ च्या दरम्यान हवा. आपल्याकडच्या रोशा गवताच्या, म्हणजे तिखाडीच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर आणि ते स्वस्त, त्यामुळे त्याची भेसळ करणारे आहेत. अहवालात जिरॅनिऑल फुगलेलं आणि आयसोमेंथोन, फॉर्मेट मात्र दबलेले दिसले की ही भेसळ पकडली जाते. एकाच टाकीत आधी तिखाडी किंवा गवती चहा काढला असेल तर नकळतही हा दोष येतो. पीक बदलताना टाकी, कंडेन्सर आणि भांडं दीड-दोन तास नुसत्या वाफेने धुवा आणि शेवटचं पाणी हुंगून खात्री करा.

सेंद्रिय म्हणून विकण्याबद्दल. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकाच्या जमिनीला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे रसायनांविना काढायचा काळ, लागतो, बहुवर्षीयाला पहिल्या कापणीआधी तीन. तुमच्या संत्र्यावर शेवटची रासायनिक फवारणी कधी झाली त्याची बिलं, नोंदी शोधून ठेवा. पीजीएस प्रमाणपत्र (शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची तपासणी करून देतो ते) देशांतर्गत विक्रीला उपयोगी आहे, निर्यातीच्या खरेदीदाराला तृतीय पक्षाचं, म्हणजे स्वतंत्र प्रमाणन संस्थेचं लागतं, आणि अमेरिकेला पाठवायचं असेल तर तिथल्या मानकाचं वेगळं. फक्त वावर प्रमाणित असून पुरत नाही. डिस्टिलेशन युनिटही प्रमाणपत्राच्या कक्षेत असावं लागतं, नाहीतर सेंद्रिय पाल्यातून निघालेलं तेल कागदावर साधंच राहतं.

आणि यात एक धोका आहे ज्याकडे मी तुम्हाला सर्वांत कळकळीने लक्ष द्यायला सांगेन. एक टन पाल्याचं एक किलो तेल होतं, म्हणजे हजारपट घट्ट. वाफेबरोबर येणारं, तेलात विरघळणारं कीटकनाशक पाल्यावर नगण्य असलं तरी तेलात ठळक दिसू शकतं. शेजारच्या धुऱ्यापलीकडे कपाशी असेल तर पंपाचा फवारा वाऱ्याने तुमच्या वाफ्यावर येतो. कपाशीकडच्या बाजूला चार-पाच मीटर पट्टा सोडा आणि त्यात तूर किंवा शेवरीसारखी उंच दाट ओळ लावा. त्या बाजूच्या दोन ओळींचा पाला वेगळा काढून साध्या तेलात टाका. पाठीवरचा पंप भाड्याने आणू नका. ज्या टाकीत कधी तणनाशक गेलं तिच्यातून निंबोळी अर्कही फवारू नये.

शेवटी टाकीचा प्रश्न. दोन एकर, कापणीला दहा टन पाला, ५०० किलोची टाकी. एक खेप भरण-तापवण-चालवण-उपसण धरून सहा तासांची, दिवसाला दोन खेपा, म्हणजे एका कापणीला दहा दिवस आणि वर्षाला वीस. वीस दिवसांसाठी एवढा खर्च एकट्याने करू नका. दोन वाटा मला योग्य वाटतात. एक, परिसरातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून दहा एकरांवर एक युनिट, लागवडीच्या तारखा पंधरा-पंधरा दिवसांनी पुढेमागे ठेवून. दुसरी, ज्या जागेत जिरेनियम नको म्हटलं तिथल्या चढावर आणि धुऱ्यांवर तिखाडी लावणं. तिला पावसाळा मानवतो, ऑक्टोबरमध्ये फुलोऱ्यावर कापता येते, आणि टाकीला हिवाळ्याआधीच काम मिळतं. पहिल्या वर्षी मात्र दोन्ही एकर लावू नका. अर्ध्या एकराला साडेपाच हजार रोपं पुरतात, पाला दुसऱ्याच्या युनिटवर भाड्याने काढता येतो, आणि मेअखेर तुमच्या हातात तुमच्याच वावराचा उतारा आणि अहवाल असेल. टाकीचा ॲडव्हान्स त्यानंतर द्या. दोन वर्षांचा रूपांतरण काळ तसाही चालू राहणारच आहे, त्यासाठी प्रमाणन संस्थेकडे नोंदणी मात्र याच हंगामात करा, कारण मोजणी साधारणपणे नोंदणीच्या तारखेपासून धरली जाते.